दोरीपलीकडच्या खोल्या : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी गृहसंग्रहालयांवर लिहिलं होतं. म्हणजे कुणाचं तरी एकेकाळचं राहतं घर, जे त्यातल्या सामानसुमानासकट लोकांना बघायला खुलं केलंय. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. पत्रांत कौतुक कमी आणि तक्रारी जास्त आहेत, त्यामुळे उत्तरं लिहायला मजा आली. मी स्वतः अशाच एका घरातल्या कापडांची आणि लाकडी सामानाची निगा राखते. तेव्हा भांडणात माझा कल वस्तूंच्या बाजूने राहणार, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : तिकीट काढून आत गेलो तर सगळीकडे पडदे ओढलेले, मिणमिणता उजेड आणि दोरीच्या अलीकडून मान वाकडी करून बघायचं. पलंगाच्या छतावरचं भरतकाम प्रसिद्ध आहे म्हणून मुद्दाम गेलो होतो, तेच धड दिसलं नाही. इतकं जपायचं असेल तर दाखवता कशाला?

तुमचा राग मला समजतो. पण ते पडदे उघडे राहिले असते, तर तुमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी ते भरतकाम छान उजेडात पाहिलं असतं आणि तुमच्या वाट्याला नुसतं अस्तर आलं असतं.

लाकडाला चरा पडला तर तो भरता येतो. चांदी काळवंडली तर उजळता येते. उजेडाने कुजलेल्या रेशमाला मात्र औषध नाही. धागा वरून शाबूत दिसतो, पण सुई टोचली की भुसा होऊन गळतो. म्हणून कापड, भरतकाम, जलरंगातली चित्रं, जुना वॉलपेपर यांच्यासाठी साधारण ५० लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) इतकाच उजेड ठेवायचा अशी रीत आहे. तैलचित्रं आणि बरंचसं लाकडी सामान यांना २०० लक्सपर्यंत चालतं. बाहेर लख्ख ऊन असतं तेव्हा हाच आकडा लाखाच्या आसपास जातो. शिवाय हिशोब एकट्या उजेडाचा नसतो, उजेड गुणिले वेळ असा असतो. १०० लक्समध्ये एक तास काय नि ५० लक्समध्ये दोन तास काय, झीज तेवढीच. ब्रिटनमध्ये शेकडो जुनी घरं सांभाळणारी नॅशनल ट्रस्ट ही संस्था नाजूक वस्तूंसाठी वर्षाला दीड लाख लक्स-तासांचं बजेट धरते. खिडकीतून थेट ऊन आलं तर ते एखाद-दोन दुपारींतच उडून जाईल. दार कधी उघडायचं, पडदा किती इंच वर घ्यायचा, ही सगळी कसरत त्यासाठी असते.

एकदा एका खुर्चीची बैठक नव्याने बसवायला उसवली. वरून कापड मातकट, वाळक्या पानासारखं. शिलाईच्या आत दुमडून गेलेली बोटभर पट्टी मात्र लखलखीत डाळिंबी! ती ज्या खोलीतली होती, ती खोली आम्ही सगळे "शांत, सौम्य रंगांची" म्हणून दाखवत होतो. मुळात ती चांगलीच भडक होती. त्या काळच्या श्रीमंतांना सौम्य वगैरे काही नको होतं, रंगाला पैसे पडत आणि ते दिसायला हवे होते.

आता तुमच्या मानेचं बघू. अंधाऱ्या खोलीत शिरल्या शिरल्या काही दिसत नाही, आणि नेमकं त्याच मिनिटात बहुतेक लोक बाहेर पडतात. दाराशी चार-पाच मिनिटं नुसते उभे राहा, डोळे सरावतात. मग खोलीतल्या कर्मचाऱ्याला विचारा. पुष्कळ ठिकाणी त्यांच्याकडे टॉर्च असतो, आणि तुम्ही नेमकं काय बघायला आला आहात हे सांगितलंत तर तो खिशातून बाहेर निघतो. पलंगाच्या छतासाठी काही घरांत खाली आरसा ठेवतात; तो दिसला नाही तर ठेवा म्हणून सुचवा. मागणी केल्याशिवाय आमच्यात कुणी हलत नाही.

प्रश्न : मार्गदर्शक म्हणाला, "अशा प्रकारची खुर्ची इथे असावी." असावी म्हणजे काय? घर खरं, माणूस खरा, मग सामान दुसरीकडून आणून मांडायचं ही फसवणूक नाही का?

सांगितलं तर नाही, लपवलं तर आहे. हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे उत्तर लांबणार.

घरात उभ्या असलेल्या वस्तूचे साधारण चार वंश असतात. एक, कधीच न हललेली. दुसरी, विकली किंवा वाटली गेलेली पण शोधून परत आणलेली. तिसरी, त्याच काळातली पण दुसऱ्या घरची. चौथी, जुन्यावरून बेतलेली नक्कल. चारही ठेवायला हरकत नाही. फक्त कुठली कोणत्या वंशातली हे विचारल्यावर उत्तर मिळालं पाहिजे, आणि ते "असावी" असं नसावं.

हे उत्तर कशाच्या जोरावर द्यायचं? यादीच्या. जुन्या घरात मला सर्वांत मोलाचा वाटणारा ऐवज म्हणजे सामानाची यादी. इंग्लंडमधल्या हार्डविक हॉलची मालकीण बेस ऑफ हार्डविक हिने १६०१ साली खोलीवार यादी करून ठेवली. कुठल्या खोलीत कुठली उशी, कुठला गालिचा, सगळं. आजही त्या यादीवर बोट ठेवून काही वस्तू तिथेच दाखवता येतात. ती वाचताना कळतं की या बाईला घर म्हणजे काय ते नीट ठाऊक होतं. लंडनजवळच्या हॅम हाउसच्या तर सतराव्या शतकातल्या एकाहून अधिक याद्या टिकल्या आहेत. लागोपाठच्या याद्या शेजारी ठेवल्या की सामान कुठून कुठे सरकलं, मालकांची आवड कशी बदलली, ते दिसतं.

हार्डविकमधलीच एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. तिथल्या लांबलचक गॅलरीत बायबलमधल्या गिडियनच्या कथेच्या तेरा टॅपेस्ट्री, म्हणजे चित्रं विणलेले भिंतीवरचे पडदे, आहेत. प्रत्येकी सुमारे सहा मीटर उंच. त्या मुळात सर क्रिस्टोफर हॅटन यांच्यासाठी विणलेल्या. ते वारल्यावर बेसने १५९२ मध्ये विकत घेतल्या. पण त्यांवर हॅटन घराण्याची चिन्हं विणलेली होती. ती झाकायचा खर्च येणार म्हणून तिने किमतीत पाच पौंडांची सूट पदरात पाडून घेतली! मग स्वतःची चिन्हं रंगवलेले कापडाचे तुकडे त्यांवर शिवले आणि हॅटनच्या हरिणीला शिंगं जोडून तिचा आपल्या मुलांच्या कॅव्हेंडिश घराण्याचा नर हरिण करून टाकला. या तेरा टॅपेस्ट्री एकेक करून धुण्याचं, सांधण्याचं काम चोवीस वर्षं चाललं आणि २०२३ मध्ये संपलं. आता मला सांगा, या टॅपेस्ट्री हार्डविकच्या "मूळच्या" की दुसरीकडून आणलेल्या? चारशे वर्षं त्या तिथे आहेत, आणि आल्या तेव्हाच जुन्या बाजारातून आल्या होत्या. श्रीमंत घरंसुद्धा सेकंडहँड घेत, हे फलकावर लिहिलेलं मला फारसं कुठे दिसत नाही.

आता दुसरं टोक बघा. जॉर्ज वॉशिंग्टन यांचं माउंट व्हर्नन हे घर १८५८ मध्ये अॅन पामेला कनिंगहॅम आणि त्यांच्या सहकारी बायकांनी लोकवर्गणीतून दोन लाख डॉलरला घेण्याचा करार केला. ताबा मिळाला तेव्हा घर जवळजवळ रिकामं होतं. उदों या शिल्पकाराने घडवलेला वॉशिंग्टन यांचा अर्धपुतळा, एक पृथ्वीगोल आणि त्यांचा फ्रेंच मित्र लाफाएत याने १७९० मध्ये पाठवलेली पॅरिसच्या बास्तीय तुरुंगाची किल्ली, एवढंच काय ते मागे राहिलेलं. पण वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारले तेव्हा मालमत्तेची मोजदाद झाली होती. त्या नोंदी हाताशी धरून तिथल्या लोकांनी पुढची दीड शतकं वस्तू शोधल्या, मागितल्या, विकत घेतल्या. जे मिळालं नाही त्याच्या जागी त्या काळातलं ठेवलं. याला मी फसवणूक म्हणणार नाही.

तिसरी तऱ्हा अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या विंटरथरची. हेन्री फ्रान्सिस ड्यू पाँट यांनी वडिलोपार्जित घर वाढवत वाढवत पावणेदोनशे खोल्यांपर्यंत नेलं. त्यांत अमेरिकेतल्या जुन्या घरांमधून काढून आणलेले लाकडी भिंतफलक, चौकटी, शेकोट्या बसवल्या. १९५१ मध्ये ते संग्रहालय म्हणून खुलं झालं. तिथला डौलदार वळणाचा जिना नॉर्थ कॅरोलिनातल्या माँटमोरेन्सी नावाच्या घरातून आलेला. एका दिवाणखान्यात अठराव्या शतकातला हाताने रंगवलेला चिनी वॉलपेपर आहे. तो कापावा लागू नये म्हणून त्यांनी छताची कडच गोलाकार करून घेतली. म्हणजे कागदासाठी छत बदललं! इथे प्रत्येक वस्तू अस्सल, पण त्या खोलीत, त्या रचनेत कधी कुणी राहिलं नव्हतं. विंटरथर हे एका माणसाच्या नजरेचं घर आहे. तसं समजून पाहिलं तर अप्रतिम, आणि अठराव्या शतकातलं कुटुंब समजून पाहिलं तर चुकीचं.

तेव्हा पुढच्या वेळी त्या मार्गदर्शकाला "ही वस्तू खरी आहे का" असं विचारू नका, तो हो म्हणेल. "ही या खोलीत कधीपासून आहे आणि ते कुठल्या कागदावरून कळतं" असं विचारा.

प्रश्न : इतकी मोठी संग्रहालयं, आणि चांदीची भांडी काळपट! रोज एक हात फिरवायला काय होतं?

प्रत्येक हाताबरोबर थोडी चांदी जाते. काळा पडलेला थर म्हणजे चांदीचंच गंधकाशी झालेलं संयुग. ते घासून काढलं की तेवढी चांदी गेली, त्याबरोबर नक्षीची धार गेली, आणि मुलाम्याचं भांडं असेल तर खालचं तांबं डोकावायला लागतं. खानदानी घरांत शंभर-दोनशे वर्षं नोकरांनी इमानेइतबारे घासलेल्या ताटल्यांवरची कोरीव चिन्हं बोटाला लागतसुद्धा नाहीत. म्हणून आम्ही क्वचित घासतो, हातमोज्यांनी उचलतो आणि गंधक सोडणाऱ्या गोष्टी, म्हणजे रबर, लोकरीचं फेल्ट वगैरे, कपाटातून हद्दपार करतो.

प्रश्न : जुन्या हिरव्या वॉलपेपरमुळे माणसं मरायची असं वाचलं. खरं की भाकड? आणि खरं असेल तर अशा खोल्यांत आपल्याला फिरवतात कसे?

विष होतं हे पूर्ण खरं. त्यापायी कोण मेलं याच्या कथा मात्र रंगवून सांगितल्या जातात.

शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ च्या सुमाराला तांबं आणि आर्सेनिक यांपासून हिरवा रंग काढला. त्याहून झळझळीत असा एमराल्ड ग्रीन १८१४ च्या आसपास बाजारात आला. त्याआधी इतका टवटवीत आणि टिकाऊ हिरवा मिळतच नव्हता, म्हणून लोक त्यावर तुटून पडले. वॉलपेपर, कापडी फुलं, पेट्यांचे कागद, मुलांची खेळणी, काही म्हणून सुटलं नाही. रंग कोरडा होऊन भुकटी झडायची ती एक वाट. दुसरी वाट ओलीची. भिंतीवर बुरशी आली की ती या रंगातल्या आर्सेनिकपासून लसणासारख्या वासाचा वायू तयार करते, हे गोसिओ या इटालियन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दाखवलं. वॉलपेपरसाठी जगभर नाव झालेल्या विल्यम मॉरिस यांच्या सुरुवातीच्या काही हिरव्या रंगांत आर्सेनिक होतं, आणि त्यांच्या घराण्याचा पैसा ज्या खाणीत गुंतला होता तिथे तांब्याबरोबर आर्सेनिकही निघायचं. ज्याला घर सुंदर करायचं होतं त्याच्याच गाठीला हे, योगायोग म्हणा हवं तर.

आज बघायला येणाऱ्याला धोका नाही म्हणावा इतका कमी, कारण तो भिंत खरवडत नाही आणि खोलीत वर्षानुवर्षं झोपत नाही. धोका आम्हाला असतो, रोज हाताळणाऱ्यांना. विंटरथरच्या ग्रंथालयात २०१९ मध्ये एका जुन्या पुस्तकाच्या हिरव्या कापडी बांधणीचा रंग टवका उडून निघत असल्याचं लक्षात आलं. एक्स-रे वापरून तपासलं तर तो एमराल्ड ग्रीन. मग त्यांनी डेलावेअर विद्यापीठाबरोबर एकोणिसाव्या शतकातल्या अशा पुस्तकांचा शोधच सुरू केला. नेमकी छटा ओळखता यावी म्हणून रंगाची पट्टी छापलेल्या पुस्तकखुणा तयार करून इतर ग्रंथालयांना वाटल्या. ही माझ्या मते अशा संस्थेने करायच्या कामांतली उत्तम गोष्ट आहे, कुठल्याही झगमगीत प्रदर्शनापेक्षा उत्तम. तुमच्या घरी त्या काळातलं तसं झळझळीत हिरव्या कापडी बांधणीचं पुस्तक असेल तर झिपवाल्या पिशवीत ठेवा, हातमोजे घालून उघडा, लहान मुलांच्या हातात देऊ नका. जाळायचं तर अजिबात नाही. धुरातून तेच आर्सेनिक नाकात जाईल.

प्रश्न : पणजोबांचं कोरीव लिहिण्याचं टेबल आहे. मुलांना ते ठेवायचं नाही. एका संग्रहालयाला देऊ केलं तर "आमच्या संग्रहात बसत नाही" असं दोन ओळींचं उत्तर आलं. फुकट देतोय तरी नको? वाईट वाटलं.

वाटणारच. पण फुकट मिळालेलं टेबल संग्रहालयाला कधीच फुकट पडत नाही. त्याला जागा लागते, कीड तपासावी लागते, नोंद करावी लागते, आणि एकदा घेतलं की सहजासहजी काढता येत नाही. गृहसंग्रहालयाचा प्रश्न तर आणखी अवघड, कारण तिथे खोली कुणाची तरी असते. तुमचं टेबल तिथल्या टेबलाहून देखणं असेल, पण तिथल्या माणसाने त्यावर कोपर टेकलेलं नाही.

पुन्हा कुठे देऊ केलंत तर काही गोष्टी सांभाळा. आधी पॉलिश करून घेऊ नका, देणारे हौसेने नेमकं तेच करतात आणि शंभर वर्षांची पुटं, शाईचे डाग, हात घासून चकाकलेली कड सगळं एका दुपारी निघून जातं. टेबल जिथे उभं आहे तिथेच फोटो काढा, आजूबाजूच्या सामानासकट. खण ओढून खालची, मागची बाजू टिपा. कारागिराच्या पेन्सिलीच्या खुणा, लेबलं, दुरुस्त्या तिथेच सापडतात. आणि कागदावर लिहा: कुणी घेतलं, कुठल्या खोलीत होतं, त्यावर काय लिहिलं जायचं, कोण पुसायचं. नुसतं टेबल देणारे पुष्कळ असतात. टेबलाबरोबर पणजोबांची पत्रं, हिशोबाच्या वह्या आणि त्या खोलीतला एखादा जुना फोटो असेल, तर तेच दोन ओळींचं उत्तर लिहिणारे लोक स्वतः बघायला येतील.

एक इशारा. देणगीला फार अटी घालू नका. बॉस्टनच्या इझाबेला स्टुअर्ट गार्डनर यांनी आपलं घर आणि संग्रह १९०३ मध्ये लोकांना खुला केला आणि मृत्युपत्रात घातलं की मांडणी बदलायची नाही. बदललीत तर सगळं विकून पैसे हार्वर्ड विद्यापीठाला जातील. १९९० च्या मार्चमध्ये तिथून तेरा कलाकृती चोरीला गेल्या, त्यांत व्हर्मीर आणि रेम्ब्राँ यांची चित्रं होती. आजही तिथे रिकाम्या चौकटी टांगलेल्या आहेत. ज्यांनी घर, पैसा, संग्रह सगळंच दिलं त्यांना अशी अट परवडते. एका टेबलामागे ती लावायला गेलात तर संग्रहालय नम्रपणे हात जोडेल.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. मुलांना अशा घरात नेलं की पंधरा मिनिटांत "झालं का?" सुरू होतं. काय करू?

खोल्या कमी करा. सगळं घर दाखवायचा हट्ट सोडून एक खोली, एक वस्तू आणि वीस मिनिटं.

मुलांना वस्तूचं नाव, शैली, साल यांतलं काहीही आधी सांगू नका. खुर्चीसमोर बसवा आणि विचारा, हिच्यावर सर्वांत जास्त हात कुठे फिरला असेल? ती झिजलेली जागा शोधतात, हाताच्या टोकाशी, पाठीच्या वरच्या कडेला. पाठ कोणी पकडली असेल? बसणाऱ्याने नाही, खुर्ची सरकवणाऱ्याने. मग तो कोण? इथून घरातली सगळी माणसं खोलीत यायला लागतात. मेणबत्त्यांचं झुंबर दाखवा आणि वाती कोण कापायचं, खाली पडलेलं मेण कोण खरवडायचं ते विचारा. सजावटीच्या वस्तूंचा इतिहास अर्धा कारागिरांचा आणि उरलेला बराचसा नोकरांचा आहे. मालक फक्त पैसे देतो आणि फलकावर नाव मिळवतो. हे माझं खासगी मत, पण मी ते सगळीकडे मांडते.

वेल्समधल्या एर्डिग या घरात हे फार चांगलं केलंय. तिथल्या यॉर्क कुटुंबाने आपल्या नोकरांची चित्रं काढून घेतली होती, आणि खाली त्यांच्यावर पद्यंही लिहिली. सुतार, स्वयंपाकीण, शिकारखान्याचा रखवालदार, सगळे नावानिशी भिंतीवर. १९७३ मध्ये घर नॅशनल ट्रस्टकडे आलं तेव्हा कोळशाच्या खाणीमुळे जमीन खचून ते डगमगलेलं होतं. दुरुस्तीनंतर प्रवेशाची वाट ठरवली ती सुतारशाळा, धोबीघर, स्वयंपाकघर अशी मागच्या अंगणातून. दिवाणखाना शेवटी येतो. मुलं तिथवर पोचतात तेव्हा तिथली चकाकी कुणाच्या हातची आहे हे त्यांना माहीत असतं.

माउंट व्हर्ननमध्येही आता गुलामीत ठेवलेल्या माणसांच्या आयुष्यावर वेगळा फेरफटका असतो. १७९९ मध्ये तिथे अशी तीनशेहून अधिक माणसं होती. जेवणघरातली भांडी बघताना फ्रँक ली हा बटलर आणि १७९७ मध्ये निसटून गेलेला हर्क्युलीस हा स्वयंपाकी यांची नावं मुलांना कळली पाहिजेत. मोठ्या मुलांबरोबर तर हे बोलणं टाळूच नका.

हात लावायचं विचाराल, तर आधी फोन करून चौकशी करा. पुष्कळ घरांकडे हाताळायला ठेवलेल्या नकला किंवा जोडी नसलेल्या जुन्या वस्तूंची पेटी असते. अंध पाहुण्यांसाठी स्पर्शाचे फेरफटकेही असतात, आणि त्यात शिकलेले मार्गदर्शक मुलांनाही फार छान सांभाळतात. लंडनमधलं वास्तुविशारद सर जॉन सोन यांचं घर मला मुलांसाठी आवडतं. त्यांनी १८३३ मध्ये संसदेकडून कायदाच करून घेतला की आपल्यामागे घर होतं तसं ठेवायचं. तिथली चित्रांची खोली लहानशी, पण भिंती बिजागऱ्यांवर फिरतात. कर्मचारी एकेक फळी उघडतो आणि मागून नवी भिंत, नवी चित्रं येतात. शेवटच्या फळीमागे तर खोलीच संपते आणि खालचा मजला दिसतो. कंटाळलेली मुलंही तिथे "पुन्हा उघडा" म्हणतात. संध्याकाळी मेणबत्त्यांच्या उजेडात घर दाखवायचा त्यांचा कार्यक्रम मोठ्यांसाठी. सोनेरी मुलाम्याच्या चौकटी मुळात तशाच हलत्या उजेडासाठी बनवलेल्या असतात हे त्याशिवाय लक्षात येत नाही.

आणि घर बंद असतं त्या महिन्यांत काय चालतं ते पाहता आलं तर जरूर पाहा. काही ठिकाणी हिवाळी साफसफाई लोकांसमोर करतात. कोरीव लाकडावरची धूळ मऊ केसांच्या ब्रशने, तोंडाला जाळी लावलेल्या व्हॅक्युमकडे ढकलत कशी काढतात ते मुलं डोळे फाडून बघतात. कसर लागलेलं कापड प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये घालतात हे सांगितलं की घरी जाऊन आईच्या शाली फ्रीझरमध्ये जाण्याची शक्यता असते, तेवढं सांभाळा.

प्रश्न : मुलीला हेच काम करायचंय. शिक्षण कुठे मिळतं?

विंटरथर आणि डेलावेअर विद्यापीठ यांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९५२ पासून आहे, वस्तू वाचायला शिकवणारा. जतनाचा वेगळा अभ्यासक्रमही त्यांनी पुढे सुरू केला. इंग्लंडमध्ये वेस्ट डीन कॉलेजात फर्निचर, घड्याळं अशा वस्तूंची दुरुस्ती आणि जतन प्रत्यक्ष हाताने शिकवतात. आधीपासून क्षेत्रात असलेल्यांसाठी अॅटिंगहॅमची उन्हाळी शाळा आहे, तीही १९५२ पासूनची. घरोघर हिंडत शिकवतात. जतनाकडे वळायचं असेल तर रसायनशास्त्र सोडू नको म्हणावं. आणि अर्ज करण्याआधी तिला एखाद्या सुताराकडे किंवा शिवणकाम करणाऱ्याकडे काही महिने बसू द्या. सांधा कसा बसतो हे हाताला माहीत नसेल तर खुर्चीवरचा प्रबंध पोकळ होतो, मी असे पुष्कळ वाचलेत.

प्रश्न : माझे गुडघे दुखतात. एवढ्या खुर्च्या असून एकीवरही बसू देत नाहीत, आणि प्रत्येकीवर काटेरी बोंड नाहीतर पाइनचं फळ ठेवलेलं! हा काय प्रकार?

"बसू नये" अशी पाटी ठेवली तर खोली कचेरीसारखी दिसते, म्हणून ही युक्ती. बोंड उचलून कुणी बसत नाही, आणि चुकून टेकलंच तर लगेच उठतं. जुन्या खुर्चीचे सांधे सरसाने धरलेले असतात, तो वाळून ठिसूळ झालेला असतो. शिवाय पँटच्या मागच्या खिशावरची बटणं रेशमाचं जे करतात ते मला रोज बघावं लागतं.

पण तुम्ही उभं राहायची गरज नाही. बहुतेक खोल्यांत एक साधी, आत्ताच्या काळातली खुर्ची दाराच्या आड असते, कर्मचाऱ्याची. मागितली तर ती देतात. तिकीट काढतानाच गुडघ्यांचं सांगितलंत तर घडीचं स्टूल मिळू शकतं, आणि वरच्या मजल्याला लिफ्ट नसेल तर तिथल्या खोल्यांचे फोटो कुठे बघायला मिळतील तेही तिथेच कळतं. टाचा टोकदार नसलेले बूट घाला, जुन्या लाकडी जमिनीला खळगे पडतात. काही घरं दारातच पायात घालायला मऊ आवरणं देतात. तुमच्या गुडघ्यांसाठी ती निसरडी ठरतील. तसं स्पष्ट सांगा, आग्रह करणार नाहीत.